मिठात बसलेले रामाजी

रुखमाबाई गिरींना नवऱ्याची पसाभर माती हवी होती. मागणं एवढंच, पण त्यापायी नागपुरातल्या हुडकेश्वरच्या घरात कित्येक दिवस कुणाला धड जेवण गेलं नाही.

गोसाव्यांमध्ये मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवतात. हे जाळणाऱ्यांना समजावून सांगावं लागतं आणि सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात, म्हणून रुखमाबाई शेजारीपाजारी त्याची वाच्यताच करत नसत. पुरुषभर खड्डा खणायचा, मेलेल्याला मांडी घालून आत बसवायचं, अंगाला भगवं गुंडाळायचं आणि मीठ भरायचं. पाकिटातलं मीठ नव्हे, पोत्यातलं, जाड खड्यांचं. आलेल्या प्रत्येकाने आपल्या हाताने पसापसा टाकायचं. मग माती, मातीवर ओटा, ओट्यावर महादेवाची पिंड. मीठ कशाला, तर देह लवकर विरघळावा आणि आतला जीव मोकळा व्हावा म्हणून. रुखमाबाईंना हे सासूने सांगितलं, सासूला तिच्या सासूने. खरं-खोटं उघडून कुणी पाहिलं नव्हतं. कोण पाहील?

रामाजी गिरी म्हणजे एका जागी न ठरणारा माणूस. उमरेडच्या पलीकडे बोरटोलीला थोडी शेती होती, पण त्यांचा पाय कधी त्या शेतात टिकला नाही. पेरणी उरकली की उमरेडच्या कोष्ट्यांकडून लुगडी उचलायची, सायकलला गठ्ठा बांधायचा आणि भिवापूर, कुही, मांढळ असे बाजार हिंडत राहायचं. जेवायला बसले तरी एक गुडघा वर, उठायच्या तयारीत. "बसा ना घडीभर," रुखमाबाई म्हणायच्या. "बसून काय अंडी उबवू?" हे ठरलेलं उत्तर.

अशा माणसाला लकवा झाला. खाटेवर पडले ते पडलेच. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं गेलं, एकच शब्द जिभेवर उरला, "सोड." पाणी पाजायला गेलं तरी सोड, अंग पुसायला गेलं तरी सोड. दात आवळून, डोळे वटारून. कित्येक महिने रुखमाबाईंनी तो शब्द ऐकला. काय सोडायचं ते तिला कळत नव्हतं, आणि कळत होतं तेव्हा ते तिच्या हातात नव्हतं.

म्हणून ते गेले तेव्हा तिने एका गोष्टीत कसर ठेवली नाही. दीर म्हणाले, दोन पोती पुष्कळ झाली. ती म्हणाली, "दोनात काय होते? मीठ कमी पडलं तं अर्धवट राहतीन ते." किराणावाल्याचं अख्खं गोदाम तिने बैलगाडीवर चढवलं. गळ्यापर्यंत भरायचं ते डोक्याच्याही वर भरलं. घुशी शिरू नयेत म्हणून खड्ड्याला आतून विटा लावून सिमेंटने लिंपून घेतल्या होत्या. वर असा ओटा बांधला, की पाण्याचा थेंब आत जाणार नाही. जागाही निवडली ती शेताच्या टोकाची, मुरमाड, उंच, कोरडी. सारा गाव म्हणाला, बाईने नवऱ्याचं सोनं केलं.

त्यालाही आता वीसेक वर्षं झाली. मुलगा अश्विन नागपुरात विजेची कामं घ्यायला लागला, सून कामिनी शाळेत इतिहास शिकवायची, रुखमाबाई त्यांच्याकडे राहायला आल्या. आणि यंदा उन्हाळ्याच्या तोंडी कळलं, की कोळशाची खाण वाढणार आणि बोरटोली तिच्या पोटात जाणार. शेतं, घरं, ओटा, सगळं.

"आई, बाबाची कधीचीच माती झाली," अश्विन म्हणाला. "वरून मशीन फिरली काय अन् नाई फिरली काय."

"तुह्या अंगावरून फिरवतो का गा मशीन? मग बापाच्या अंगावरून काहून?"

शेवटी ठरलं ते असं. ओटा उघडायचा, रामाजींची झालेली माती पसाभर घ्यायची, नागपूरला गोसाव्यांच्या समाधीच्या जागेत नेऊन पुरायची. पुढेमागे रुखमाबाईंनाही तिथेच शेजारी बसवायचं. सोपं काम होतं. सकाळी जाऊन संध्याकाळच्या एसटीने परत.

ओटा फुटायला वेळ लागला. तिचंच पक्कं काम. दोन मजुरांनी आळीपाळीने लोखंडी सब्बल घातली, फरशी उचलली आणि खाली माती लागेल म्हणून फावडं मारलं तर ते खणकन वाजून परत आलं. खाली पांढुरका दगड होता. मिठाचा एक सलग दगड झाला होता, विटांच्या भिंतींना धरून, साच्यात ओतल्यासारखा. कुदळीने कडेने फोडत गेले. एक मोठी ढेप सुटली आणि तिच्यामागून केस दिसले. मग कपाळ. मजुराने कुदळ तिथेच टाकली आणि तो गावाकडे ओरडत पळाला.

अश्विन आणि कामिनी मागे सरले. रुखमाबाई पुढे झाल्या. गुडघे टेकून, हाताने मिठाचे खडे बाजूला करत गेल्या. रामाजी बसलेले होते. सुकून अर्धे झालेले, चपलेच्या चामड्यासारखे तपकिरी, पण रामाजीच. भगव्या पंच्याची तिने मारलेली गाठ तशीच. डोळे मिटलेले. आणि तोंड तसंच एका बाजूला ओढलेलं, दात तसेच आवळलेले. जणू आत्ताच कुणी पाण्याचा पेला ओठांना लावला होता.

जन्मभर कैरीच्या फोडींना मीठ चोळून, बरणीत दडपून, वर फडकं बांधून वर्षवर्ष टिकवणारी बाई. ओलावा जाऊ नये म्हणून बरणीला हात लावू न देणारी. तिच्या डोक्यात हे त्या दिवशी आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं, कारण लोणचं स्वयंपाकघरात असतं आणि मोक्ष पोथीत.

"कामिनी," ती म्हणाली. "मी सोडलं नाई वं त्याइले. मी मुरवून ठेवलं."

कामिनी तिच्याजवळ बसली. धीर द्यायचा कसा ते तिला सुचेना, म्हणून तिला जे येत होतं ते ती सांगत बसली. "आई, हे मिठानेच होतं. इजिप्तमध्ये राजांची प्रेतं एका प्रकारच्या खारातच सुकवायचे. मुद्दाम. जपानात काही साधू जिवंतपणीच अन्न तोडून अंग सुकवायचे, देह टिकावा म्हणून. आणि पेरू देशातले राजे तर मेल्यावरही जमिनीचे मालक राहायचे. त्यांची सुकवलेली प्रेतं मिरवणुकीत काढायचे, त्यांच्यापुढे ताट वाढायचे, त्यांच्या नावाने दुसरेच कारभार करायचे."

"त्या राजाईले बायका नोत्या काय?" रुखमाबाईंनी विचारलं. "कोणी म्हणलं नाई का, की आता पुरे, जाऊ द्या माणसाले?"

तोवर गाव येऊन पोचला होता.

सर्वांत पुढे मीराबाई, चंपतरावांची बायको. तिने एकदा खड्ड्यात पाहिलं आणि सरळ आडवी झाली. "माय वं! सिद्धपुरुष! इतक्या वर्साचं अंग, अन् नखाले धक्का नाई!" मग सगळेच वाकले. कुणी घरचं हळदकुंकू आणलं, कुणी नारळ. कुणाचा तरी फोन हवेत उंच धरलेला.

"उठा वं बाया, उठा!" रुखमाबाई ओरडल्या. "कुठले सिद्ध? लुगड्याच्या मापात चार बोटं मारत होते ते! हे मिठाचं काम आहे. मीच गंज मीठ टाकलं, पोत्यावर पोती. तुमच्यासमोर टाकलं ना?"

"मोठ्या माणसाच्या लीला असतेत त्या," मागून कुणी म्हातारा म्हणाला. "आपल्याले थोडी समजतीन."

"मीठ तं आमच्या आज्यालेबी टाकलं होतं," दुसरा म्हणाला. "त्याचं हाडूक नाई सापडलं."

"तुह्या आज्याले दोन पसे टाकलं असंन! मी गोदाम टाकलं गोदाम!"

कुणी ऐकेना. उलट एका बाईने येऊन तिच्याच पायांवर डोकं ठेवलं आणि तिला माताजी म्हणाली. खरं बोलावं तर आपलेच पाय धरले जातात, असं कुणावर कधी आलं नसेल.

चंपतराव मात्र वाकले नाहीत. ते गावातले शहाणे गृहस्थ, रामाजींचे दोस्त, मीठ टाकायला पहिल्या चौघांत होते. त्यांनी गर्दी पांगू दिली, अश्विनला चहाला पिटाळलं आणि ते रुखमाबाईंच्या बाजूला उकिडवे बसले.

"वैनी, मले मालूम आहे मिठानं झालं ते. मी काय येडा आहो?"

"मग सांगा ना भाऊजी त्याइले."

"नाई सांगत. अन् तुमीबी सांगू नका, हात जोडतो." त्यांनी खरंच हात जोडले. "सरकारदरबारी जाऊन जाऊन आमच्या चपला झिजल्या. आमचं शेत कोणाले दिसत नाई, घर दिसत नाई. देव दिसते. उद्या मोजणीवाले येऊन राहिले. इथं सिद्धबाबा बसून आहेत म्हणलं तं पाय मागं घेतीन. नाई घेतले तं आमाले दुसरं काई नाई राहिलं, वैनी. एका माणसाच्या बसण्यानं गाव वाचते. रामाजी असता तं नाई म्हणला असता का?"

"रामाजी असते तं उठून गेले असते. बसले कधी ते?"

"आता बसले आहेत ना."

गावात तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. मीराबाईने तिची दोन बाळंतपणं काढली होती. तिने मिठाची गोष्ट पुन्हा काढली नाही.

आणि दुसऱ्या दिवशी मोजणीवाले आले ते खरंच थबकले. साहेबाने शेताच्या बांधावर जोडे काढले, दुरून हात जोडले, मग तो फोनवर पुष्कळ वेळ बोलला आणि म्हणाला, "हे धार्मिक प्रकरण आहे, वरून विचारून घेतो. तोवर मोजणी बंद." गावाने असा जल्लोष केला की पोळ्यालाही होत नाही. त्याच संध्याकाळी मांडव पडला. चंपतरावांनी विटांच्या कडेने रेलिंग लावायचं ठरवलं, वर काचेची पेटी बसवायची असंही कुणी सुचवलं. अश्विन कधी नव्हे तो बापाच्या नावाने लोकांशी बोलायला लागला. "बाबा लहानपणापासूनच वेगळे होते," तो एका पत्रकाराला सांगत होता.

"तू पाह्यलं का त्याइचं लहानपण?" आईने विचारलं. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

रुखमाबाई मांडवातून हलल्या नाहीत. एसटी गेली, दुसरी गेली. लोक येत, फुलं टाकत, पिंकी नावाची एक मुलगी परीक्षेचा नंबर चिठ्ठीवर लिहून रामाजींच्या पुढ्यात ठेवून गेली. रुखमाबाई फक्त ते तोंड बघत होत्या. लोकांना त्यात समाधी दिसत होती. तिला दिसत होते आवळलेले दात. वीस वर्षं ती नागपुरात जेवली, झोपली, नातीचं बारसं केलं, टीव्हीवर मालिका पाहिल्या. आणि हा माणूस, जो ताटावरही पुरता टेकत नव्हता, तो इथे अंधारात मांडी घालून तोच एक शब्द तोंडात धरून बसला होता. तिच्यामुळे. आता तर काच बसणार. मग कधीच नाही.

आणि तिने सोडवलं तर? तर मोजणीवाले परत येतील. मीराबाईचं घर जाईल. दोन्ही बाजूंनी तीच गुन्हेगार. देवाला विचारावं तर देव म्हणून समोर नवराच बसलेला.

"आई, घरी चला," कामिनी म्हणाली. "तुम्ही पाणीसुद्धा घेतलेलं नाही."

कामिनीने तांब्या पुढे केला. रुखमाबाईंनी तो हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत. खड्ड्याच्या काठावर एका मजुराच्या घागरीतून मघाशी पाणी सांडलं होतं. तिथलं मीठ काळपट ओलं होऊन बोटभर खचलं होतं. ती बराच वेळ तिकडे पाहत राहिली. मग उठली, तांब्या घेऊन रामाजींजवळ गेली आणि त्यांच्या डोक्यावर तो हळूहळू रिता केला.

लोकांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"काय पाहून राहिले?" ती लोकांकडे वळून म्हणाली. आवाज आता खणखणीत होता. "सिद्ध म्हणता, अन् अभिषेक नाई? उन्हाचा पारा पाहा. देवाले न्हाऊ घाला! ज्याले नवस बोलाचा थ्यानं आधी घागर आणा."

माताजी बोलल्यावर कोण मागे राहील? घागरी आल्या, कळशा आल्या, बादल्या आल्या. कुणी शेजारच्या शेतातल्या बोअरला पाइप जोडून थेट मांडवापर्यंत आणला. हर हर महादेव म्हणत माणसं ओतत होती आणि मिठाचा दगड विरघळून विटा न लावलेल्या तळातून मुरमात जात होता. रामाजी आधी गुडघ्यापर्यंत दिसू लागले, मग मांडीची घडी सैल पडली. रुखमाबाई जवळ उभ्या राहून हाका मारत होत्या, "टाका गा, टाका! हात आखडू नका!" बघणाऱ्यांना तिच्या अंगात आलं असं वाटलं. कामिनी मात्र सासूकडे एकटक पाहत होती. तिला कळलं होतं. तिने पदर खोचला आणि बादली उचलली.

नागपूरकडचं वैशाखातलं ऊन. त्या उन्हात ओल्या वस्तूचं काय होतं ते सांगायला नको. एकदोन दिवस उदबत्त्यांनी झाकलं. मग झाकेना. दर्शनाला आलेले लोक नाकाला रुमाल लावून लांबूनच हात जोडायला लागले, मग लांबूनही येईनात. कातडी सुटली, केस गळून पडले, खालचा जबडा एका सकाळी अलगद खाली आला. आवळलेले दात उघडले. वासाने माणसं वांतीला आली होती, आणि रुखमाबाई त्या वासात बसून रडत होत्या, मोठ्याने, वीस वर्षांपूर्वी रडायचं राहिलं होतं तसं.

चंपतराव आले. तोंडाला टॉवेल बांधलेला. मांडवात आता कुणी नव्हतं.

"वैनी, तुमी मुद्दाम केलं."

"हाव."

"गाव बुडवलं तुमी."

"हाव, भाऊजी."

"एक माणूस, तोबी मेलेला! अन् इकडे जित्या माणसाईची घरं! तुमाले काहीच कसं वाटलं नाई?"

"वाटलं नाई असं कोण म्हणते? तुमी म्हणता तं मी तुमच्या खाणीच्या मशीनपुढे बसतो. जिती बसतो. उद्यापासून बसतो. पण त्याइले नका बसवू." तिने हात जोडले. "तुमीबी ऐकला होता ना त्याइचा शब्द? तुमी रोज येत होते खाटेजवळ."

चंपतरावांनी ऐकला होता. त्यांनी टॉवेल सोडला, तोंड पुसलं आणि ते मांडवाचे बांबू न सोडवताच घराकडे गेले.

खड्डा बुजवायला गावातून कुणी आलं नाही. मजूरही आले नाहीत. अश्विनने दोन दिवस आईशी शब्द काढला नव्हता, पण शेवटी त्यानेच कुठून तरी फावडं आणलं आणि नाक दाबून माती लोटायला लागला. मुरूम नव्हे, खालच्या शेतातली काळी माती, ओली. कामिनी आणि रुखमाबाई घमेल्याने वाहत होत्या. रामाजी आता कुशीवर कलंडले होते. पसाभर माती नागपूरला न्यायची ती आता पावसाळ्यानंतर.

अर्धा खड्डा भरला तेव्हा मीराबाई बांधावरून आली. हातात तिच्या घरचं घमेलं. तिने एक घमेलं माती भरून आत टाकली, जोराने, फेकल्यासारखी. मग कमरेवर हात ठेवून रुखमाबाईंसमोर उभी राहिली.

"तुमचे सुटले," ती म्हणाली. "आता आमचं सांगा. आमी कुठी जावं?"

तिच्या मागे, खालच्या शेतात, मोजणीवाले परत आलेले दिसत होते. लाल-पांढऱ्या काठ्या रोवत ते मीराबाईच्या घराच्या दिशेने चालले होते. रुखमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मीराबाईकडे पाहिलं. मग त्या वाकल्या आणि पुढचं घमेलं भरू लागल्या.